पेल्यात पाणी का चढले?

शाळेत पाहिलेला विज्ञानाचा एखादा प्रयोग आठवा, असे कोणी म्हटले, तर आपल्यापैकी पुष्कळांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र उभे राहील. ताटात थोडे पाणी, मधोमध पेटती मेणबत्ती आणि तिच्यावर पालथा घातलेला काचेचा पेला. थोड्याच वेळात ज्योत मंदावते, विझते आणि ताटातील पाणी पेल्यात चढते. गुरुजी सांगतात, “पेल्यातील प्राणवायू जळून संपला. हवेचा पाचवा भाग प्राणवायूचा असतो, म्हणून पाणीही पेल्याच्या पाचव्या भागाइतके चढले.” आपण वहीत आकृती काढली, तिच्याखाली निष्कर्ष लिहिला आणि परीक्षेत त्याचे गुणही मिळवले.

वाचकहो, अनेक पाठ्यपुस्तकांतून वर्षानुवर्षे छापला गेलेला हा निष्कर्ष बरोबर नाही. हवेत प्राणवायूचे प्रमाण सुमारे २१ टक्के असते, हे खरे. परंतु ज्योत विझते तेव्हा पेल्यात पुष्कळसा प्राणवायू शिल्लक असतो. शिवाय मेण जळताना कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ निर्माण होते. खर्च झालेल्या प्राणवायूची जागा बऱ्याच अंशी तेच भरून काढतात. मग पाणी का चढते? पेला पालथा घालताना ज्योतीभोवतीची हवा तापून प्रसरण पावलेली असते. तिच्यातील काही हवा पेल्याच्या काठाखालून बुडबुड्यांच्या रूपाने निसटते. ज्योत विझली की आतली हवा निवते व आकसते, वाफेचे पाणी होते, आतला दाब उतरतो आणि बाहेरची हवा पाण्याला आत लोटते.

हे पडताळून पाहणे मुळीच कठीण नाही. ज्योत जळत असताना पाणी हळूहळू चढत जात नाही. ते बहुतेक सारे ज्योत मंदावल्यावर आणि विझल्यावर चढते. आता त्याच पेल्याखाली एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावा. पाणी पहिल्यापेक्षा अधिक चढेल. पेला तोच, हवा तेवढीच, प्राणवायूही तेवढाच. मग पाणी अधिक का चढावे?

पुस्तकात चूक राहिली, याचे फारसे वैषम्य वाटण्याचे कारण नाही. चुका कोणाकडूनही होतात. वैषम्य याचे वाटते, की असंख्य वर्गांत असंख्य मुलांनी हा प्रयोग पाहिला, पाणी केव्हा चढते हे त्यांच्या डोळ्यांसमोर घडले, तरी ते बहुतेकांच्या ध्यानात आले नाही. कारण उत्तर आधीच ठरलेले होते. प्रयोगाला वर्गात आणले ते पढवलेल्या साक्षीदारासारखे. त्याने ठरलेली जबानी द्यायची आणि निघून जायचे. प्रयोग हा निसर्गाला विचारलेला प्रश्न असतो आणि उत्तर आपल्या अपेक्षेविरुद्धही येऊ शकते, ही विज्ञानाची पहिली ओळखच त्या मुलांना झाली नाही.

यावर कोणी विचारील, की मग मुलाचे उत्तर पुस्तकाशी जुळले नाही, तर पुस्तक खोटे समजायचे काय? प्रश्न रास्त आहे, आणि विज्ञानाच्या तत्त्वज्ञानाचा आरंभ येथूनच होतो. एकोणिसाव्या शतकात युरेनस हा ग्रह न्यूटनच्या नियमांनी ठरवून दिलेल्या मार्गावरून किंचित ढळतो, असे आढळून आले. ज्योतिर्विदांनी न्यूटनचे नियम टाकून दिले नाहीत. पलीकडे एखादा अज्ञात ग्रह त्याला ओढत असावा, असे मानून फ्रान्समधील ल व्हेरिए यांनी त्याचे स्थान गणिताने काढले, आणि १८४६ साली बर्लिनच्या वेधशाळेत त्या स्थानापासून एका अंशाच्या आत नेपच्यून सापडला. पुढे बुधाच्या कक्षेतही थोडी विसंगती दिसली. ल व्हेरिए यांनी तीच युक्ती योजून सूर्याजवळ आणखी एक ग्रह असल्याचे अनुमान केले; परंतु तो ग्रह काही केल्या मिळाला नाही. या वेळी नियमांकडेच पुन्हा पाहावे लागले. १९१५ साली आइन्स्टाइन यांच्या गुरुत्वाकर्षणाच्या नव्या सिद्धांताने त्या विसंगतीचा उलगडा केला.

युक्ती एकच, एकदा फळली, एकदा फसली. तात्पर्य, विसंगती दिसताच जुने फेकून द्यावे, हेही विज्ञान नव्हे आणि जुने आहे म्हणून विसंगती झाकावी, हेही नव्हे. पुन्हा मोजावे, दुसरी कारणे शोधावीत आणि पुरावा नेईल तिकडे जाण्याची मनाची तयारी ठेवावी. ही वृत्ती व्याख्या पाठ करून अंगी येत नाही. ती सवयीनेच येते.

ही सवय साध्या गावांतील शाळांतही लावता येते काय? याचे उत्तर आपल्याच देशात मिळाले आहे. १९७२ साली मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या नर्मदापुरम् जिल्ह्यात, सोळा शाळांतून सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी एक नवा उपक्रम सुरू झाला. किशोर भारती आणि रसुलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी राज्य शासनाच्या संमतीने तो हाती घेतला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील वैज्ञानिक आणि दिल्ली विद्यापीठातील अध्यापक त्यांच्या साहाय्यास आले. १९७८ साली उपक्रम साऱ्या जिल्ह्यात पोहोचला. १९८२ साली स्थापन झालेल्या ‘एकलव्य’ संस्थेने पुढे त्याची धुरा वाहिली.

‘बाल वैज्ञानिक’ या तेथील पुस्तकांत प्रयोग कसा करावा हे सांगितलेले असे, प्रश्न विचारलेले असत. उत्तरे मात्र मुलांनी स्वतः करून, पाहून, आपसांत चर्चा करून लिहावयाची. एकच लांबी अनेकांनी मोजली, तर मापे थोडीथोडी निराळी येतात. तेथे कोणाचे माप ‘चुकले’ हे न ठरवता, मापांत फरक का पडतो याचाच विचार होई. परीक्षेत पुस्तक उघडण्यास मुभा होती आणि प्रत्यक्ष प्रयोगांचीही परीक्षा घेतली जाई. मुलांना पडलेले प्रश्न ‘सवालीराम’ या काल्पनिक मित्राला पत्राने विचारता येत आणि त्यांना उत्तरेही मिळत. शिक्षकांना मात्र एक अवघड गोष्ट शिकावी लागली. “मलाही ठाऊक नाही, चला, करून पाहू,” असे भर वर्गात म्हणणे सोपे नसते.

तीस वर्षे चाललेला हा उपक्रम २००२ साली शासनाने बंद केला. अशा पद्धतीविषयी पालकांच्या मनात येणारी शंका आपणही समजून घेतली पाहिजे. वेळ फार जातो, पुढच्या परीक्षांत पाठांतराला गुण मिळतात, मग आपलेच मूल मागे का पडावे? ही काळजी खोटी नाही. परंतु १९७६ च्या घटनादुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टी आणि शोधकबुद्धी वाढवणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य ठरवले आहे. २००५ चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आणि २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण या दोहोंनीही घोकंपट्टीपेक्षा समजण्यावर भर दिला आहे. औषध, आहार, अफवा यांविषयी पुढे रोज निर्णय घ्यावे लागतील, तेव्हा पाठ केलेली उत्तरे आपल्या मुलांच्या कितपत उपयोगी पडतील?

शाळा बदलण्याची वाट न पाहता घरातही पुष्कळ करता येते. थंडीच्या दिवसांत दही नीट लागत नाही, असे आपण म्हणतो. मुलाला विचारा, “कशावरून?” एकाच पातेल्यातील कोमट दूध दोन सारख्या वाट्यांत ओता, दोहोंत सारखेच विरजण घाला, एक वाटी उबेत गुंडाळून ठेवा, दुसरी उघड्यावर गारव्यात. बाकी सारे सारखे, फरक एकाच गोष्टीचा. काय होईल, हे मुलाने आधी वहीत लिहावे आणि सकाळी जे दिसले ते त्याखाली लिहावे. दोन्ही नोंदी जुळल्या नाहीत, तर पहिली खोडू देऊ नका. दुसऱ्या रात्री पुन्हा करून पाहा.

मेणबत्तीचा प्रयोगही एखाद्या संध्याकाळी मुलांजवळ बसून अवश्य करा. फक्त या वेळी, पाणी का चढले, हे त्यांना आधी सांगू नका.