फुटपाथवर पिकलेली गाणी

अमेरिकन गायिका ट्रेसी चॅपमनची गोष्ट सांगणारे बहुतेक जण 11 जून 1988 पासून सुरुवात करतात. नेल्सन मंडेला तेव्हा तुरुंगात होते. त्यांच्या सत्तराव्या वाढदिवसानिमित्त लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियमवर दिवसभराची मैफल चालू होती आणि साठाहून अधिक देशांतले लोक ती टीव्हीवर बघत होते. स्टीव्ही वंडर रंगमंचावर जाणार, एवढ्यात लक्षात आलं की त्याच्या सिंथेसायझरची हार्ड डिस्क सापडत नाही. ती नसेल तर वाद्य मुकं. तो वैतागून निघून गेला. (नंतर परतला आणि गायलाही.) मधली वेळ कशी भरायची? आयोजकांनी दुपारीच तीन गाणी म्हणून मोकळ्या झालेल्या एका 24 वर्षांच्या नवख्या मुलीला पुन्हा पुढे केलं. साथीला कुणी नाही, हातात नुसती गिटार. ‘फास्ट कार’ गाऊन ती उतरली, आणि त्याच उन्हाळ्यात तिचा पहिला अल्बम अमेरिका आणि ब्रिटन दोन्हीकडे विक्रीत पहिल्या क्रमांकावर गेला.

गोष्ट खरी आहे. पण ती ऐकून पोरीचं नशीब फळफळलं असं वाटतं, तिथेच घोळ आहे. नशिबाने तिला फार तर पंधरा मिनिटं मिळवून दिली. ऐन वेळी हजारोंच्या अधीर गर्दीपुढे उभं राहून सहा तारांवर ती गप्प कशी करायची, हे ती बॉस्टनच्या शेजारच्या केंब्रिज गावातून शिकून आली होती.

चार्ल्स नदीच्या पलीकडचं हे केंब्रिज हार्वर्ड आणि एमआयटी या विद्यापीठांमुळे आपल्याला माहीत असतं. गाण्याच्या लोकांना मात्र ते हार्वर्ड स्क्वेअरसाठी ठाऊक आहे. विद्यापीठाच्या दाराशी असलेल्या या चौकाजवळ 1958 साली ‘क्लब 47’ नावाचा कॅफे निघाला. सुरुवात जाझने झाली, पण लवकरच तिथे अनवाणी येणाऱ्या एका कोवळ्या मुलीने फोक, म्हणजे लोकगीतं, गायला सुरुवात केली. तिचं नाव जोन बाएझ. क्लब 1968 मध्ये बंद पडला. पामर स्ट्रीटवरच्या त्याच्याच तळघरात मग ‘पासिम’ सुरू झालं आणि गाणं चालू राहिलं. तळघर छोटं, टेबलं चिकटून लावलेली, गाणाऱ्याच्या कपाळावरचा घाम दिसावा इतकं अंतर. जवळपास कॉलेजांची रेडिओ केंद्रं होती, चर्चच्या सभागृहात कॉफीहाउसं भरत होती, आणि विद्यार्थ्यांमुळे दरवर्षी नवा श्रोता गावात येत होता. चौकातला फुटपाथ आणि खालचं भुयारी रेल्वेचं स्टेशन तर फुकटचे रंगमंचच.

आपल्याकडे भावगीत म्हटलं की तीन नावं येतात. गदिमांनी लिहायचं, कुणी तरी चाल लावायची, कुणी तरी गायचं. सुधीर फडक्यांसारखे चाल लावून स्वतःच गाणारेही होते, पण शब्द बहुधा दुसऱ्याचे. स्वतःच लिहून, स्वतःच चाल बांधून, स्वतःच उभं राहून म्हणणारा माणूस आपल्याला भेटतो तो शाहिरात. केंब्रिजची ही गाणारी मंडळी त्याच जातकुळीतली. गाणं फसलं तर दोष द्यायला दुसरं कुणी नसतं.

ट्रेसी मूळची इथली नव्हे. तिचा जन्म 30 मार्च 1964 चा, ओहायो राज्यातल्या क्लीव्हलँडचा. आई-वडील वेगळे झाले, घर आईने चालवलं. पैशांची ओढाताण असूनही आईने पोरीला तीन वर्षांची असताना युकुलेली आणून दिली. आठव्या वर्षी हातात गिटार आली. हुशार कृष्णवर्णीय मुलांना चांगल्या शाळांत जागा मिळवून देणाऱ्या एका योजनेतून ती कनेक्टिकटमधल्या वूस्टर या निवासी शाळेत पोचली. तिची गिटार जुनी झालेली पाहून तिथल्या लोकांनी वर्गणी काढून नवी घेऊन दिली. तिथून पुढे केंब्रिजजवळच्या टफ्ट्स विद्यापीठात. विषय मानवशास्त्र. अभ्यास संपला की गिटार घेऊन हार्वर्ड स्क्वेअर, नाही तर भुयारी रेल्वेच्या रेड लाइनचा फलाट.

फलाटावर गाणं ही काय चीज आहे, हे ज्याने मुंबईच्या लोकलमध्ये डफलीवाल्याला ऐकलं असेल त्याला सांगायला नको. तिकीट काढून आलेला श्रोता पहिलं कडवं तरी सहन करतो. फलाटावरचा माणूस गाडी आली की निघून जातो. म्हणजे दोन-तीन मिनिटांत त्याला थांबवायचं, तेही धडधडत येणाऱ्या गाडीच्या आवाजावर मात करून. ‘फास्ट कार’ची सुरुवात आठवून बघा. गिटारवरची छोटीशी, गोल फिरणारी सुरावट, दोनदा ऐकली की पाठ होणारी. मग आवाज येतो, तोही खालच्या पट्टीत, बोलल्यासारखा, आणि सरळ गोष्ट सुरू करतो: दारुडा बाप, दुकानातली गल्ल्यावरची नोकरी, गाव सोडून जायची आस. ध्रुवपद येईपर्यंत ऐकणारा गोष्टीत अडकलेला असतो. तिने हे गाणं फलाटासाठी बांधलं असा माझा दावा नाही. पण अशा बांधणीचं गाणं फलाटावर तगतं आणि नटवं गाणं तिथे मरतं, एवढं खात्रीने म्हणता येईल. त्याच अल्बममधलं ‘बिहाइंड द वॉल’ तर वाद्याविनाच आहे. शेजारच्या घरात बाईला होणारी मारहाण भिंतीपलीकडून ऐकू येते, एवढाच विषय. आणि आवाजाखेरीज काही नाही.

तिला बाहेर नेणारा माणूसही या परिसरातच सापडला. ब्रायन कॉपलमन हा टफ्ट्सचाच विद्यार्थी. दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदाविरुद्ध कॉलेजात निषेध उभा करायचा होता. गाणारं कोण, अशी चौकशी करता ट्रेसीचं नाव निघालं. एका कॉफीहाउसमध्ये तो तिला ऐकून आला आणि तिच्या मागेच लागला. त्याचे वडील चार्ल्स कॉपलमन संगीताच्या धंद्यातलं बडं प्रस्थ. ट्रेसीला मात्र अजिबात घाई नव्हती. ती टेपसुद्धा द्यायला तयार होईना. गाण्यांची हक्कनोंदणी करता यावी म्हणून तिने कॉलेजच्या डब्ल्यूएमएफओ या रेडिओ केंद्रात काही गाणी ध्वनिमुद्रित करून ठेवली होती. ब्रायनने तिथून एक टेप हळूच उचलली आणि वडिलांना ऐकवली. ही चोरी त्याने पुढे स्वतःच मुलाखतींत मिटक्या मारत सांगितली आहे.

पदवी मिळाली, मग इलेक्ट्रा या रेकॉर्ड कंपनीशी करार. तो काळ सिंथेसायझर आणि ड्रम मशीनचा होता. नुसत्या गिटारवर गरिबीची गाणी म्हणणाऱ्या मुलीला कोण घेणार, अशी शंका धंद्यातल्यांना होती. निर्माता डेव्हिड कर्शनबॉमने शहाणपणा केला आणि मोजकी साथ ठेवून आवाज पुढे राहू दिला. 5 एप्रिल 1988 ला अल्बम आला, जूनमध्ये वेम्ब्ली. वर्णभेदविरोधी निषेधाच्या निमित्ताने सापडलेली गायिका मंडेलांच्या मैफलीत गाजावी, यात योगायोग वाटतो त्याहून कमी आहे. त्या काळी केंब्रिजच्या गाण्याला राजकारण वर्ज्य नव्हतं, आणि ट्रेसीच्या गाण्याला तर नव्हतंच.

मानवी हक्कांसाठी निघालेल्या ॲम्नेस्टी इंटरनॅशनलच्या जागतिक दौऱ्यात ब्रूस स्प्रिंगस्टीन, स्टिंग, पीटर गॅब्रिएल आणि सेनेगलचा युसू एन्दूर यांच्याबरोबर ती त्याच वर्षी 30 सप्टेंबरला दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवरही आली होती. पुढच्या वर्षी तीन ग्रॅमी मिळाले. नंतर तिने आणखी सात अल्बम काढले, आणि 2009 नंतर दौरे थांबवून ती जवळजवळ दिसेनाशी झाली.

मात्र गाण्यांवरची पकड तिने सोडली नाही. निकी मिनाजने ‘बेबी कॅन आय होल्ड यू’ परवानगीशिवाय वापरल्याबद्दल तिने 2018 मध्ये दावा लावला आणि साडेचार लाख डॉलर घेऊन तो मिटवला. मग 2023 मध्ये ल्यूक कोम्ब्स या गोऱ्या कंट्री गायकाने ‘फास्ट कार’ जवळपास जसंच्या तसं गायलं. बाईच्या तोंडचे शब्दही त्याने बदलले नाहीत. ते बिलबोर्डच्या मुख्य यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं; ट्रेसीचं मूळ गाणं 1988 मध्ये सहाव्यावर थांबलं होतं. त्या नोव्हेंबरमध्ये कंट्री म्युझिक असोसिएशनचा वर्षातल्या सर्वोत्तम गाण्याचा पुरस्कार ट्रेसीला मिळाला. तो गीत रचणाऱ्याला दिला जातो आणि तोवर एकाही कृष्णवर्णीय व्यक्तीला मिळाला नव्हता. समारंभाला ती गेली नाही, आभाराचे चार शब्द पाठवून मोकळी झाली. फेब्रुवारी 2024 च्या ग्रॅमी सोहळ्यात मात्र कोम्ब्सबरोबर ती गायला उभी राहिली, आणि त्यानंतर लोकांनी जिकडेतिकडे डाउनलोड केलं ते तिचं 1988 चं ध्वनिमुद्रण.