जुनी दुनळी: आधी वाचा, मग घासा

आज बोलूया जुन्या विलायती दुनळी बंदुकीबद्दल. अशी बंदूक हाती आली की लोक पहिल्यांदा पॉलिश शोधतात. मी आधी नळ्या वाचतो.

नळीवर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी दिसतेय? मग ती दमास्कस नळी. लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून, वेटोळी करून जोडलेली. ती घासली की नक्षीही जाते, जाडीही.

आता नळ्या सोडवून खालचे शिक्के बघा. बर्मिंगहॅमचं प्रूफ हाउस १८१३ चं. तिथे जादा दाबाचा बार उडवून नळी तपासायचे. 'नायट्रो प्रूफ' शिक्का नसेल, तर ती परीक्षा फक्त काळ्या दारूची. शिक्का असला तरी नळीची आजची जाडी जाणकाराकडून मोजून घ्यायचीच.

खरी गंमत चेंबरची. जुना चेंबर बऱ्याचदा अडीच इंची. आजचं पावणेतीन इंची काडतूस त्यात आरामात बसतं, पण उडताना तोंड उघडायला जागा नसते. दाब वाढतो. नळी फाटली तर नळीखालच्या हाताची बोटं जातात!

दस्त्याला मात्र थोडं जवसाचं तेल पुरे, सँडपेपर नको. आणि हो, चालू बंदूक वारशाने आली तरी परवाना लागतोच. भेटूया पुढच्या भागात!