शिळ्या ब्रेडचा फ्रेंच टोस्ट

बुलढाणा जिल्ह्यात सकाळचा नाश्ता म्हणजे घरी पोहे नाहीतर उपमा, आणि शेगावात असाल तर कचोरी. पण कधी पुड्यात कालच्या ब्रेडचे चार स्लाइस उरलेले असतात आणि पोरांना चहा-ब्रेड नको असतो. अशा वेळी फ्रेंच टोस्ट पंधरा मिनिटांत होतो. बिघडलाच तर बहुतेक वेळा कारण दोनांपैकी एक असतं: ब्रेड फार ताजा किंवा आच फार मोठी.

ब्रेड कसा हवा

आजचा नको, कालचा हवा. ताज्या ब्रेडमध्ये ओल जास्त असते. दुधात घातला की लगदा होतो आणि उचलताना मधोमध तुटतो. शिळा होताना ब्रेडमधला स्टार्च घट्ट होत जातो, म्हणून तो दूध पितो तरी आकार सोडत नाही. ताजाच असेल तर स्लाइस ताटात उघडे मांडून ठेवा. घाटाखाली, मलकापूर-नांदुऱ्याकडे, मे महिन्यात ते बघता बघता वाळतात. घाटावर बुलढाणा-चिखलीला पावसाळ्यात मात्र वाट पाहण्यात अर्थ नाही. कोरड्या तव्यावर दोन्ही बाजू जराशा शेकून घ्या.

बुरशीचा एखादा ठिपका दिसला तर तेवढाच तुकडा काढून भागत नाही. बुरशीचे धागे मऊ ब्रेडमध्ये आतवर गेलेले असतात आणि डोळ्यांना दिसत नाहीत. पुडाच टाकायचा.

मिश्रण

चार स्लाइसना 2 अंडी, 100 मिली दूध, 2 चमचे साखर, चिमूटभर मीठ आणि वेलची पूड. आधी नुसती अंडी साखर-मीठ घालून फेटा, दूध मागून. पांढऱ्याच्या तारा नीट मोडल्या नाहीत तर त्या टोस्टच्या कडेला ऑम्लेटच्या झालरीसारख्या लोंबतात. पसरट ताटलीत स्लाइस दोन्ही बाजूंनी दहा-पंधरा सेकंद भिजवला की पुरे. आपल्याकडचा ब्रेड पातळ असतो.

तव्यावर

रोजच्या भाकरीचा तवा नको, त्याला हे चिकटतं. धिरड्यांचा मुरलेला तवा किंवा नॉनस्टिक घ्या, वर चमचाभर तूप. आच मंदच. मिश्रणात साखर आहे. मोठ्या आचेवर ती आधी काळी पडते आणि आतलं अंडं कच्चं राहतं. एका बाजूला दोन-तीन मिनिटं लागतात. उलथन्याने मधोमध दाबून पाहा: ओलं मिश्रण वर आलं नाही तर झाला.

तिखट

माझं मत विचाराल तर वऱ्हाडी जिभेला हाच खरा. साखर-वेलची वगळा, दूध निम्मं करा, त्यात हळद, हिरवी मिरची, कोथिंबीर घाला. कांदा मिश्रणात टाकला तर ताटलीच्या तळाशीच राहतो. स्लाइस तव्यावर टाकल्यावर बारीक चिरलेला कांदा चमच्याने वर पसरा, दाबा, मग उलटा.

अंडी चालत नसतील तर

गजानन महाराजांना मानणाऱ्या कित्येक घरांत गुरुवारी अंडं आणत नाहीत, काहींत कधीच नाही. त्यांनी हळहळायचं कारण नाही. आपिकियुसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जुन्या रोमन पाकग्रंथात ब्रेड दुधात भिजवून, तळून, वर मध घालण्याची कृती आहे. तिच्यात अंडं नाहीच.

घरी 150 मिली थंड दुधात दीड चमचा कस्टर्ड पावडर आणि साखर कालवा. दूध गरम असेल तर गुठळ्या होतात. पावडर सारखी खाली बसते, म्हणून प्रत्येक स्लाइस बुडवण्याआधी ढवळा. तव्यावर तिच्यातला स्टार्च फुगून घट्ट होतो आणि अंड्याचं काम बऱ्यापैकी निभावतो. रंग मात्र थोडा उशिरा येतो, तेव्हा तूप जरा सढळ हाताने सोडा.

बेसनात बुडवूनही लोक करतात. छान लागतं, पण ते ब्रेडचं धिरडं. सोबत शेंगदाण्याची चटणी हवीच.