काळ्या गाडीवरचे पांढरे डाग: पाणी उडून जातं, मग मागे राहतं ते काय?

काळी, गडद निळी किंवा मरून गाडी असेल तर हा अनुभव तुम्हाला नक्की आला असेल. रविवारी सकाळी गाडी धुतली, मस्त चमकली, फोटोही काढला. चहा प्यायला वर गेलात आणि अर्ध्या तासाने खाली येऊन बघता तर बॉनेटभर पांढरे गोल ठिपके. ओल्या फडक्याने पुसले की गायब, सुकलं की परत हजर.

मी नवी मुंबईत काळी हॅचबॅक वापरतो. असेच डाग घालवायला मी एकदा एका रीलमध्ये बघून बॉनेटवर टूथपेस्ट घासली. डाग थोडे फिके झाले, पण तेवढ्या भागाची चमकच गेली. डागाने केलं नसतं एवढं नुकसान माझ्या घासण्याने केलं. गाडीचे हप्ते अजून चालू होते, त्यामुळे जास्तच लागलं मनाला.

म्हणून या लेखात एकच गोष्ट नीट समजून घेऊया: सगळे पाण्याचे डाग एकसारखे नसतात. डाग कुठला आहे हे आधी ओळखायचं, मग सगळ्यात सौम्य उपायापासून सुरुवात करायची.

डाग म्हणजे नेमकं काय?

पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम यांचे क्षार विरघळलेले असतात. पाणी सुकतं तेव्हा फक्त पाणी उडून जातं, क्षार तिथेच राहतात. गीझरच्या कॉइलवर बसणारा पांढरा थर, स्टीलच्या नळावरचे ठिपके आणि गाडीवरचे डाग ही एकाच कुटुंबातली मंडळी आहेत. त्यात मुख्य असतं कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे आपली चुनखडी.

डाग गोल रिंगसारखा का दिसतो? थेंबाची कड पेंटला चिकटून राहते आणि तिथे पाणी जास्त वेगाने उडतं. ती जागा भरायला मधलं पाणी कडेकडे सरकतं आणि सोबत आपला माल घेऊन जातं. टेबलावर सांडलेल्या कॉफीचा डाग कडेला गडद असतो, त्याचंही हेच कारण. १९९७ साली शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी 'नेचर' या नियतकालिकात हे समजावून सांगितलं होतं.

आता थोडा हिशोब. पाण्यात एकूण किती पदार्थ विरघळले आहेत ते टीडीएसमध्ये मोजतात. टीडीएस ६०० म्हणजे एका लिटरमध्ये ६०० मिलिग्रॅम. धुतल्यावर गाडीवर अर्धा लिटर पाणी राहिलं असं धरू. ते तसंच सुकू दिलं तर गाडीवर ३०० मिलिग्रॅम क्षार उरले. तेच पाणी ६० टीडीएसचं असतं तर फक्त ३० मिलिग्रॅम. म्हणजे शॅम्पू कितीही भारी असला तरी शेवटचं पाणी कुठलं होतं, यावर बरंच काही ठरतं.

गडद रंगावरच जास्त का दिसतात?

पांढऱ्या गाडीवरही डाग पडतात, फक्त पांढऱ्यावर पांढरं दिसत नाही. पण गडद रंगाचा खरा तोटा वेगळाच आहे: तो ऊन शोषून घेतो. एप्रिल-मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या काळ्या गाडीचा पत्रा ६० अंशांच्या वर सहज जातो. मग पाणी पुसायला हात पोचायच्या आत सुकतं आणि क्षार पेंटला घट्ट धरून बसतात.

गाडीच्या रंगावर क्लिअर कोट नावाचा पारदर्शक थर असतो. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही कमी. गरम झालेला क्लिअर कोट थोडा मऊ पडतो. क्षार त्यावर आठवडेच्या आठवडे राहिले आणि रोज ऊन लागत गेलं की त्यात बारीक खड्डे पडू लागतात. तिथून पुढे तो वरून बसलेला डाग राहत नाही, पेंटची जखम होते.

नवी मुंबईत हे क्षार येतात कुठून?

महापालिकेचं नळाचं पाणी मुख्यतः मोरबे धरणातून येतं. हे धरण खालापूर तालुक्यात आहे आणि महापालिकेच्या स्वतःच्या मालकीचं आहे. पाणी भोकरपाड्याच्या केंद्रात शुद्ध होऊन शहरात येतं. सिडकोच्या खारघर, उलवे या भागांना पेण तालुक्यातल्या हेटवणे धरणाचं पाणी मिळतं. दोन्हीकडे साठलेलं पावसाचंच पाणी, त्यामुळे त्यात क्षार तसे कमी.

मग डाग कसे पडतात? कारण पार्किंगमधला नळ बऱ्याचदा या पाण्याचा नसतोच.

पहिला संशयित म्हणजे बोअरवेल किंवा टँकर. जमिनीतलं पाणी खडकातून झिरपताना क्षार गोळा करतं आणि खाडीजवळ तर त्यात खारटपणाही मिसळू शकतो.

दुसरा म्हणजे बागेचे स्प्रिंकलर. बऱ्याच सोसायट्यांमध्ये त्यांना सांडपाणी शुद्ध करून वापरलेलं पाणी असतं. कडेला लावलेल्या गाडीवर रोज तुषार उडतात आणि रोज सुकतात.

तिसरा म्हणजे पहिला पाऊस. पावसाचं पाणी मुळात स्वच्छ असतं, पण पहिल्या सरी हवेतली धूळ, बांधकामाचं सिमेंट आणि धुराचे कण सोबत घेऊन खाली येतात. गाडीवर आधीच धूळ असेल तर काम आणखी सोपं.

चौथा आणि सगळ्यात वाईट म्हणजे पोडियम किंवा बेसमेंटच्या स्लॅबमधून टपकणारं पाणी. काँक्रीटमधून येताना ते सिमेंटमधला चुना विरघळवून आणतं. त्याचा पीएच १२ च्या आसपास असू शकतो, म्हणजे तीव्र अल्कली. ते हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून सुकलं की त्याचा दगड होतो. स्लॅबला लटकणाऱ्या पांढऱ्या कांड्या तुम्ही पाहिल्या असतील, तोच माल गाडीवर पडतो. हा डाग दिसला की "रविवारी बघू" म्हणायचं नाही. त्याच दिवशी धुवायचा, गाडीची जागा बदलायची आणि सेक्रेटरींना फोटोसकट लेखी कळवायचं.

खात्री करायची असेल तर काही शे रुपयांत खिशात मावणारा टीडीएस मीटर मिळतो. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) ५०० ही टीडीएसची स्वीकार्य मर्यादा आहे. पण ती पिण्यासाठी आहे, काळ्या बॉनेटसाठी नाही. प्यायला उत्तम असलेलं ४०० टीडीएसचं पाणीही गाडीवर ठळक डाग सोडतं.

आधी ओळखा: टॉर्च आणि बोट

गाडी धुऊन, पुसून सावलीत आणा. मोबाइलचा टॉर्च पेंटवर तिरका धरा आणि डागावरून स्वच्छ बोट फिरवा. बोटाला प्लास्टिकची पातळ पिशवी घातली तर आणखी नीट कळतं.

१. बोटाला खडबडीत उंचवटा लागतो: क्षार अजून वर बसले आहेत. घरच्या घरी निघायची शक्यता चांगली.

२. धुतल्यावर आणि व्हिनेगर लावूनही खडबडीतच लागतं: क्षार घट्ट चिकटले आहेत किंवा त्यात सिलिका आहे. सिलिका व्हिनेगरला दाद देत नाही.

३. बोटाला गुळगुळीत लागतं, पण टॉर्चमध्ये रिंग दिसतेच: क्लिअर कोटमध्ये खड्डा पडला आहे. इथे पुसण्यासारखं काही उरलेलंच नाही.

सुरुवातीलाच एक फोटो काढून ठेवा, म्हणजे फरक पडतोय की नाही हे अंदाजाने ठरवावं लागणार नाही.

काढायचे कसे?

पायरी १: कार शॅम्पूने नीट धुवा. ताजे डाग इथेच निघतात. धूळ असताना काहीही घासू नका, कारण धूळ म्हणजे बारीक वाळूच.

पायरी २: किराणा दुकानातलं साधं पांढरं व्हिनेगर आणि कमी टीडीएसचं पाणी निम्मं-निम्मं मिसळा. आधी एका कोपऱ्यात लावून बघा. पत्रा हाताला थंड लागला पाहिजे आणि गाडी सावलीत हवी. मायक्रोफायबर कापड त्यात भिजवून डागावर एक मिनिट नुसतं ठेवा. घासायचं नाही. व्हिनेगरमधलं ॲसिटिक ॲसिड चुनखडीशी प्रक्रिया करून तिला विरघळवतं. स्लॅबच्या चुन्यावर बारीक बुडबुडेही दिसतील. हलक्या हाताने पुसा, गरज वाटली तर दोन-तीन वेळा करा, पण व्हिनेगर पेंटवर सुकू देऊ नका. शेवटी भरपूर पाणी आणि परत शॅम्पू.

पायरी ३: तरीही खडबडीत लागत असेल तर क्ले बार वापरा. हा मातीसारखा मऊ गोळा असतो. पेंट त्याच्यासोबतच्या द्रावणाने ओला ठेवून तो अलगद फिरवायचा, चिकटलेले कण त्यात अडकतात. गोळा जमिनीवर पडला तर तो गेला, परत वापरू नका.

पायरी ४: खड्डा असेल तर पॉलिश. पॉलिश म्हणजे खड्डा भरणं नव्हे, तर आजूबाजूचा क्लिअर कोट घासून त्याच्या पातळीला आणणं. ४०-५० मायक्रॉनमधले काही मायक्रॉन दर वेळी कमी होतात आणि परत येत नाहीत. म्हणून हे काम अनुभवी माणसाकडून आणि क्वचितच करून घ्यावं. खोल खड्डे पूर्ण न काढता थोडे राहू देणं हाही शहाणपणाच आहे.

पायरी ५: व्हिनेगर आणि पॉलिशमुळे वॅक्सही निघून जातं. शेवटी नवीन वॅक्स किंवा सीलंट लावा.

हे करू नका

टूथपेस्ट, खाण्याचा सोडा किंवा भांड्याची घासणी नको, तिन्ही घासून ओरखडे पाडतात. टॉयलेट क्लीनर तर अजिबात नको, त्यात बऱ्याचदा हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. पेंट, रबर आणि धातू तिन्हीचं वाट्टोळं. उन्हात तापलेल्या पत्र्यावर पाणीही नको आणि व्हिनेगरही नको.

डाग पडूच नयेत म्हणून

खरा उपाय एका वाक्यात: पाणी गाडीवर सुकू द्यायचं नाही, पुसून काढायचं. एक पॅनल धुवा, लगेच जाड मायक्रोफायबर टॉवेलने टिपा, मग पुढचं. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी.

गाडी पुसायला येणारे दादा असतील तर त्यांना दोष देण्याआधी त्यांची अडचण बघा. एक बादली, एक फडकं आणि वीस गाड्या. तुमच्या गाडीसाठी दोन वेगळे मायक्रोफायबर देऊन ठेवा आणि फक्त धूळ असेल त्या दिवशी ओलं न करता सोडून द्यायला सांगा.

शेवटच्या पाण्यासाठी एक फुकटचा स्रोत आहे: एसीच्या पाइपमधून टपकणारं पाणी. हवेतली वाफ थंड कॉइलवर जमून ते बनतं, त्यामुळे त्यात क्षार जवळपास नसतात. आपल्याकडच्या दमट हवेत रात्रभर एसी चालला तर बरंच पाणी जमतं. बादली लावा, कापडातून गाळा, मीटरने एकदा तपासा आणि धुऊन झाल्यावर त्याने शेवटचा हात मारा. आरओचं वाया जाणारं पाणी मात्र उलट असतं. त्यात क्षार आणखी दाट झालेले असतात. पाणी वाचवायला ते वापरायचंच असेल तर पहिल्या धुण्याला वापरा, शेवटी नाही.

आणि सिरॅमिक कोटिंग? त्याने पाणी गोल थेंब होऊन घरंगळतं, धुणं सोपं होतं. पण जे थेंब बॉनेटवर थांबतात ते सुकले की तिथेही डाग पडतात. कोटिंग केलं म्हणून टॉवेलला सुट्टी नाही.

पुढच्या रविवारी गाडी धुण्याआधी पार्किंगच्या नळाचा आणि एसीच्या बादलीचा टीडीएस मोजून बघा. दोन आकडे शेजारी ठेवले की कुठलं पाणी शेवटी वापरायचं ते वेगळं सांगावं लागणार नाही. आणि एखादा मित्र टूथपेस्टची ट्यूब घेऊन खाली निघाला असेल, तर त्याला वेळेत थांबवा.