पेन गळते ते शाई संपत आल्यावर

दहावीची पूर्वपरीक्षा, जानेवारीतली थंडी आणि सकाळचा भूमितीचा पेपर. पहिल्या पंधरा मिनिटांतच माझ्या पेनातून टपकन थेंब पडला आणि आख्खी आकृती निळी झाली. घरी आल्यावर आजोबांनी एवढेच विचारले, "शाई कधी भरली होतीस?" दोन दिवसांपूर्वी, मी म्हणालो. "मग गळणारच," ते म्हणाले. त्यामागचे कारण मला पुढे कॉलेजात कळले.

ड्रॉपरने शाई भरायच्या पेनात रबरी पिशवी नसते, कार्ट्रिजही नसते. पेनाची नळी हीच दौत. छोट्या कार्ट्रिजमध्ये एक मिलिलिटरही शाई मावत नाही, इथे दोन-तीन सहज मावते. लिहिताना शाई उतरते तसा नळीतल्या हवेचा दाब थोडा कमी होतो आणि निबेखालच्या जिभेच्या खाचेतून हवेचा बारीक बुडबुडा आत शिरतो. शाईला खाली पडू न देणारा हा समतोल फार नाजूक असतो. लुईस वॉटरमन यांनी 1884 मध्ये पेटंट घेतले ते अशाच खाचांच्या जिभेचे.

आता थोडे गणित. समजा खोलीत 18 अंश सेल्सिअस आहे आणि मुठीत धरलेले पेन 32 अंशांपर्यंत तापले. आतली हवा साधारण पाच टक्क्यांनी फुगते. पेन भरलेले असेल तर हवा जेमतेम 0.3 मिलिलिटर. ती फुगून जी शाई ढकलते ती इतकी थोडी की जिभेच्या खाचा ती सहज सामावून घेतात. पण पेन रिकामे होत आले आणि आत अडीच मिलिलिटर हवा असली, तर ढकलली जाणारी शाई होते 0.12 मिलिलिटर, म्हणजे दोन थेंबांहून जास्त. शिवाय उबेने शाईतल्या पाण्याची वाफ वाढते, तीही दाबात भर घालते. भरलेले पेन गळेल अशी आपल्याला भीती असते, आणि गळते ते रिकामे! माझ्या मते ड्रॉपरच्या पेनांची बदनामी झाली ती बरीचशी या गैरसमजामुळे.

म्हणून शाई पाव नळीवर आली की भरून टाका, ती संपण्याची वाट पाहू नका. थंडीत पेन दप्तरातून काढल्यावर निब वर करून दोन मिनिटे मुठीत धरा. फुगलेली हवा वरच्या वर निघून जाते. विमानप्रवासातही निब वरच हवी. केबिनमधला दाब जमिनीवरच्या दाबाच्या सुमारे तीन चतुर्थांशापर्यंत उतरतो, तेव्हा पेन काठोकाठ भरलेले किंवा पूर्ण रिकामे न्यावे.

भरताना शाई आट्यांच्या जरा खालीच थांबवा, कारण निबेचा भाग फिरवून बसवताना तो जागा घेतो. आट्यांना सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात पुरे. व्हॅसलिन नको, रबरी कडी असेल तर ती त्याने फुगते. चित्रकलेची जलरोधक शाई तर मुळीच नको. ती वाळली की जिभेच्या खाचा बुजतात आणि पाण्याने सुटत नाहीत.

आणि एक गोष्ट, जी घरोघरी पाहिली आहे. शाई भरायला डोळ्यांच्या किंवा बाळाच्या औषधाचा ड्रॉपर घेतला जातो आणि धुऊन परत बाटलीला लावला जातो. रबरी फुग्यात अडकलेली शाई धुऊन निघत नाही, आणि तिथे जंतूही वाढतात. शाईला एकदा वापरलेला ड्रॉपर शाईचाच. त्याच्यावर रंगीत दोरा बांधा आणि तो दौतीपाशीच ठेवा, औषधांच्या डब्यात नाही. अडलेली निब तोंडाने फुंकायची मुलांची सवयही मोडा. साध्या पाण्याच्या वाटीत ती रात्रभर ठेवली की बहुतेक वेळा सकाळी चालू लागते.