आधी पश्चिमेची खिडकी

पाडवा झाला की दुकानांत ‘समर कलेक्शन’ लागतं. लिंबू-पिवळे अभ्रे, पोपटी पानांचे पलंगपोस. दिसतात छान, हौस असेल तर जरूर घ्यावेत. पण अभ्रे बदलून खोली गार होत नाही. तोडफोड न करता घराला उन्हाळी रूप द्यायचं, तर सुरुवात खिडकीपासून करावी, तीही पश्चिमेच्या.

मे महिन्यात आपल्याकडे सूर्य भर दुपारी जवळजवळ डोक्यावर असतो. पुण्या-मुंबईत तर महिन्याच्या मध्याला, एका दुपारी, उभ्या काठीची सावलीसुद्धा पडत नाही. त्यामुळे जानेवारीत हॉलभर ऊन आणणारी दक्षिणेची खिडकी आता फारसा त्रास देत नाही. तापते ती गच्ची, सकाळी पूर्वेची भिंत आणि दुपारनंतर पश्चिमेची. दिवेलागणीला या पश्चिमेच्या भिंतीला आतून तळवा लावून पाहा. ऊन उतरलेलं असतं, भिंत मात्र गरमच, आणि दिवसभर साठवलेली उष्णता ती रात्री खोलीत सोडत राहते. पलंगाचं उशाकडचं टोक तिथेच असेल तर पावसाळ्यापर्यंत पलंग समोर सरकवावा. खर्च शून्य.

आता पडदे. बहुतेक घरांत ते आतून असतात आणि तिथेच गफलत होते. ऊन काचेतून आत आलं, पडद्यावर पडलं, पडदा तापला, की ती उष्णता बरीचशी खोलीतच राहते. ऊन काचेच्या बाहेरच अडवलं पाहिजे. बाल्कनीला बांबूची चिक किंवा रोपवाटिकेत मिळते ती हिरवी शेडनेट पुरते. भाड्याच्या घरातही दोन हुक नि नाडीवर भागतं. सोसायटी बाहेर काही लावू देत नसेल, तर जाड गडद पडदे माळ्यावर टाकून काचेच्या बाजूने पांढरं अस्तर असलेले सुती पडदे लावावेत. ऊन थोडं तरी परत फिरतं.

विदर्भात वाळ्याच्या ताट्या नि कूलर चालतात ते तिथली हवा कोरडी असते म्हणून. एक लिटर पाणी वाळताना सुमारे 2400 किलोज्यूल उष्णता हवेतून ओढून घेतं. तासाला एवढं पाणी उडालं, तरी एक टनी एसीच्या जवळपास पंचमांश काम झालं! मुंबईत किंवा कोकणात हवाच आधी दमट. तिथे वाळ्याचा वास तेवढा मिळतो, वर दमटपणा. तिथे वाऱ्याला वाट द्यावी. खिडकीपुढचं कपाट हलवावं, समोरासमोरची दारं-खिडक्या मोकळ्या ठेवाव्यात. नागपूरकर मात्र सकाळी नऊलाच घर बंद करतात आणि रात्री उघडतात, तेच तिथे बरोबर.

बाकी किरकोळ. गालिचा गुंडाळून ठेवावा, पायाला उघडी फरशी लागू द्यावी. रेक्झिनच्या सोफ्यावर सुती चादर टाकावी. जुने पिवळे बल्ब अजून असतील तर काढावेत. ते बहुतेक वीज उष्णतेतच घालवतात. रिकाम्या खोलीतला पंखा बंद करावा, कारण पंखा खोली नाही, अंगावरचा घाम वाळवून माणूस गार करतो.

ताट्या आणि चिका मृगाआधी उतरवून कडकडीत उन्हात वाळवाव्यात आणि मगच माळ्यावर ठेवाव्यात. ओलसर ठेवल्या तर बुरशी धरतात.