विजेरी

हातात धरून किंवा डोक्याला बांधून नेता येणारा, स्वतःच्या विद्युत् घटांवर चालणारा व हवा तेव्हाच लावता येणारा लहान दिवा. विद्युत् घट, स्विच, प्रकाश देणारा भाग, परावर्तक वा भिंग आणि या सर्वांना सामावून घेणारे कवच हे तिचे मुख्य भाग होत. बोलीत तिला टॉर्च, तर ग्रामीण भागात पुष्कळदा ‘बॅटरी’ म्हणतात. आतील घटाला ‘सेल’ हा शब्द रूढ आहे. वाऱ्याने न विझणारा हा दिवा रात्रीच्या पायी प्रवासाला कंदिलापेक्षा सोयीचा आहे. तथापि विजेरीच्या भरवशावर माणूस अंधारात दूरवर गेलेला असतो. म्हणून ती ऐन वेळी बंद पडणे विशेष धोक्याचे ठरते. यामुळे रात्रीच्या वाटचालीसाठी विजेरी निवडताना तेजस्वितेपेक्षा विश्वसनीयता हा पहिला निकष मानावा लागतो.

इतिहास : सांडणारा द्रव नसलेला कोरडा घट कार्ल गासनर या जर्मन संशोधकांनी १८८६ च्या सुमारास तयार केल्यावर विद्युत् दिवा हाती घेऊन फिरणे शक्य झाले. डेव्हिड मायसेल यांना नळीच्या आकाराच्या विजेरीचे अमेरिकन एकस्व (पेटंट) १० जानेवारी १८९९ रोजी मिळाले. त्या वेळचे घट दुर्बल असल्याने दिवा काही क्षणच लावून विझवावा लागे. पुढे टंगस्टनाची तार व सुधारित घट आल्यावर तिचा प्रकाश स्थिर झाला. भारतात एव्हरेडीचा लखनौ येथील विजेऱ्यांचा कारखाना १९५८ मध्ये सुरू झाला. अलाहाबादच्या ‘जीप’ विजेऱ्याही खेडोपाडी पोहोचल्या होत्या. शूजी नाकामुरा यांनी १९९३ मध्ये तेजस्वी निळा प्रकाश देणारा द्विप्रस्थ सिद्ध केला व त्यातून पांढरा प्रकाश देणारा एलईडी दिवा निघाला. निळ्या द्विप्रस्थाबद्दल नाकामुरा, इसामू आकासाकी व हिरोशी आमानो यांना २०१४ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. तारेच्या दिव्याच्या मानाने एलईडी तेवढ्याच विजेत सु. दहापट प्रकाश देतो व हादऱ्याने त्याची तार तुटण्याचा प्रश्नच राहत नाही.

रात्रीच्या वाटचालीची गरज : विजेरीचा खरा कस कोठे लागतो, हे बीड जिल्ह्याच्या उदाहरणावरून समजते. या जिल्ह्यात उत्तरेस गोदावरीकाठचा सखल प्रदेश व दक्षिणेस बालाघाटचे पठार असून पाटोदा, धारूर, अंबेजोगाई आदी भागांत वाटा खडकाळ व चढउताराच्या आहेत. कृषिपंपांना त्रिकला वीज आळीपाळीने काही दिवस दिवसा व काही दिवस रात्री देण्याची पद्धत राज्यात अनेक वर्षे राहिल्याने शेतकऱ्याला दारे धरण्यासाठी मध्यरात्री ओल्या रानात उतरावे लागते. दिवसा वीज मिळावी या हेतूने मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये सुरू करण्यात आली. जिल्ह्यातून दरवर्षी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जाणारे ऊसतोड मजूर पहाटेच्या अंधारात फडात शिरतात, रात्री-अपरात्री मोळ्या वाहनात भरतात व कोपीत जमिनीवर झोपतात. कार्तिक पौर्णिमेस कपिलधार येथे मन्मथस्वामींच्या समाधीच्या दर्शनाला पायी जाणाऱ्या दिंड्याही भल्या पहाटे रस्त्याला लागतात.

या सर्वांपुढील धोके सारखे नसतात. घोणस व फुरसे पालापाचोळ्यात व मातीत सहज मिसळून जातात. मण्यार रात्री हिंडते व जमिनीवर झोपलेल्याला दंश करते. आष्टी तालुक्यात २०२० च्या नोव्हेंबरमध्ये बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे मृत्युमुखी पडली. बिबट्याच्या डोळ्याच्या मागे प्रकाश परतविणारा थर असतो; त्यामुळे विजेरी पाहणाऱ्याच्या डोळ्यांजवळ धरल्यास त्याचे डोळे दुरूनही चमकतात. सापाच्या डोळ्यात असा थर नसतो. म्हणून सापासाठी दूरवर जाणारा झोत निरुपयोगी असून पावलापुढील दोन-तीन मीटर जमीन स्वच्छ व सर्व रुंदीत दिसणे आवश्यक असते.

प्रकाशाचे मापन : विजेरीतून बाहेर पडणारा एकूण प्रकाश ल्यूमेनमध्ये, तर झोताची मध्यवर्ती तीव्रता कँडेलामध्ये मोजतात. अमेरिकेत २००९ मध्ये ठरविलेल्या एफएल-१ या मानकानुसार, जेथे प्रकाश ०·२५ लक्स म्हणजे जवळजवळ पौर्णिमेच्या चांदण्याइतका उरतो, ते अंतर झोताचा पल्ला धरतात. २,५०० कँडेलाच्या झोताचा पल्ला १०० मी. होतो, प्रकाश अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटत असल्याने ५० मी.वर तोच प्रकाश चौपट, म्हणजे १ लक्स असतो. वेष्टनावरील पल्ला हा अशा अंधुक उजेडाचा असल्याने प्रत्यक्ष ओळखण्याजोगे दिसण्याचे अंतर त्याहून बरेच कमी भरते. याच मानकात चालू राहण्याचा काळ आरंभीच्या प्रकाशाच्या १० टक्के प्रकाश उरेपर्यंत मोजतात. सबंध काळ प्रकाश सारखाच राहतो, असा त्याचा अर्थ नव्हे.

पायवाटेसाठी ३० ते १०० ल्यूमेन पुरतात. लांबची वाट वा बांधापलीकडचे पाहण्यासाठी क्षणभर २०० ते ३०० ल्यूमेन मिळावेत. प्रखर प्रकाशाने डोळे दिपतात आणि अंधाराला पुन्हा पुरते सरावण्यास सु. अर्धा तास लागतो. याकरिता मंद व तीव्र अशा किमान दोन पायऱ्या असलेली, मध्यभागी झोत व भोवती पसरट उजेड देणारी विजेरी उत्तम. धुके व धूळ यांत डोक्यावरील दिव्याचा प्रकाश उलट डोळ्यांत येतो. शिवाय तो दृष्टीच्याच दिशेने पडत असल्याने खड्डे व दगड यांच्या सावल्या लपतात. कमरेच्या उंचीवर धरलेल्या विजेरीने त्या सावल्या उठून दिसतात. उलट खोरे वा कोयता चालविताना दोन्ही हात मोकळे लागतात, तेथे डोक्यावरचा दिवाच उपयोगी पडतो.

विद्युत् घट : साधा जस्त-कार्बन घट १·५ व्होल्टचा, स्वस्त व तालुक्याच्या बाजारात कोठेही मिळणारा असतो, परंतु वापरून संपल्यावर तसाच ठेवल्यास जस्ताचे कवच खाल्ले जाऊन तो पाझरतो व विजेरीच्या पट्ट्या गंजतात. अल्कलाइन घट अधिक काळ टिकतो, तोही पाझरू शकतो. स्वस्त पुनर्भारित विजेऱ्यांत पुष्कळदा लहान शिसे-आम्ल घटमाला असते. ती उतरलेल्या स्थितीत महिनोन्‌महिने पडून राहिली, तर पट्टिकांवर लेड सल्फेट घट्ट बसून ती निकामी होते. लिथियम-आयन घट हलका व शक्तिमान असून सामान्यतः ३·६ ते ३·७ व्होल्टचा असतो. १८ मिमी. व्यासाच्या व ६५ मिमी. लांबीच्या अशा घटाची प्रत्यक्ष धारकता साधारणतः २,५०० ते ३,५०० मिलिअँपिअर-तास असते. त्यावर ९,९०० असा आकडा छापलेला असल्यास तो विश्वासार्ह मानू नये. ३,००० मिलिअँपिअर-तासांच्या घटात सु. ११ वॉट-तास ऊर्जा साठते. १०० ल्यूमेनसाठी सु. १ वॉट लागतो असे धरल्यास तो एक रात्र पुरतो. परंतु ५०० ल्यूमेनवर दोन तासांतच संपतो. जेथे भारित करण्याची सोय नाही, तेथे बाजारात सहज मिळणाऱ्या सुट्या घटांवर चालणारी विजेरी अधिक भरवशाची ठरते.

परीक्षा व निगा : विजेऱ्या बहुधा दिव्यामुळे नव्हे, तर स्विच व जोडणीचे स्पर्शबिंदू यांमुळे बंद पडतात. विकत घेताना ती लावून हलवावी व तळहातावर आपटावी. प्रकाश लुकलुकल्यास ती घेऊ नये. स्विच ओल्या अंगठ्याने व अंधारात चाचपून लागला पाहिजे. आयपीएक्स-४ ही खूण सर्व बाजूंनी उडणाऱ्या पाण्यापासून, तर आयपीएक्स-७ ही १ मी. खोल पाण्यात अर्धा तास बुडण्यापासून संरक्षण दर्शविते. पाणी धरणाऱ्यास दुसरी श्रेयस्कर. नवे व जुने घट एकत्र घालू नयेत. बराच काळ वापर नसल्यास सुटे घट काढून ठेवावेत व स्पर्शबिंदू बारीक पॉलिश कागदाने स्वच्छ करावेत. पिशवीत चुकून लागू नये म्हणून मागचे झाकण थोडे सैल करावे. निघण्यापूर्वी विजेरी काही मिनिटे लावून पाहणे व सोबत दुसरा लहान दिवा ठेवणे इष्ट होय. रस्त्यावरून चालणाऱ्या दिंडीत पुढच्या दिव्याइतकाच शेवटच्या माणसाजवळील, मागून येणाऱ्या वाहनास दिसणारा दिवा महत्त्वाचा असतो.

मर्यादा : विजेरी धोका दाखविते, टाळीत नाही. गवतात वा उसाच्या पाचटात लपलेला साप उत्तम झोतातही दिसेलच असे नाही. म्हणून घोट्याच्या वरपर्यंतचे बूट आणि पुढे आपटत जाण्यासाठी काठी यांना ती पर्याय ठरू शकत नाही. झोपताना ती उशाशी, हात पोहोचेल अशी ठेवावी व अंधारात पाय खाली टेकण्यापूर्वी लावावी. दंश झाल्यास साप शोधण्यात वेळ न घालविता रुग्णाला, शक्य तितके चालू न देता, प्रतिविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात तत्काळ न्यावे.